शरीरात अडकलेले रडू

मान आखडते, डोके ठणकते, छातीवर दडपण येते. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. हे दुखणे खोटे नसते. मग ते येते कुठून? आणि ‘मन मोकळे’ करण्यासाठी शरीराची मदत घेता येते का?

घरात एखादी बाई अशी असते, की तिचे सतत काहीतरी दुखत असते. आज मान, उद्या पाठ, परवा छातीत भरून आल्यासारखे. ईसीजी होतो, एक्स-रे होतो, रक्त-लघवी तपासली जाते. डॉक्टर रिपोर्ट चाळून म्हणतात, ‘‘ताई, तुम्हाला काहीही झालेले नाही.’’ घरी आल्यावर नवरा म्हणतो, ‘‘बघ, डॉक्टरसुद्धा हेच म्हणाले. तू उगीच मनाला लावून घेतेस.’’ सासूबाई काही बोलत नाहीत, पण ‘आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं’ हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येते. आता त्या बाईला दुखणे तर आहेच, वर ते खोटे ठरल्याचा अपमानही आहे.

रिपोर्ट नॉर्मल येणे याचा अर्थ एवढाच, की हृदय, हाडे, रक्त यांत मोठा बिघाड सापडला नाही. दुखत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

आपली भाषा या बाबतीत फार जाणती आहे. भीती वाटली की पोटात गोळा येतो. रडू कोंडले की घसा दाटून येतो. रागाने माणूस दातओठ खातो, वाईट बातमी कळली की हातपाय गळतात, धाकात राहणारा मान वर करत नाही. मनाच्या प्रत्येक अवस्थेला मराठीने शरीरातली एक जागा नेमून दिली आहे.

याचे शास्त्र फार अवघड नाही. भीती किंवा राग आला की मेंदू शरीराला पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करायला लावतो. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास वरवरचा होतो, खांदे कानांकडे चढतात, जबडा आणि मुठी आवळल्या जातात. समोर वाघ असेल तर पळण्यात ही सारी तयारी खर्ची पडते. पण समोर वाघाऐवजी साहेब किंवा सासरे असले, तर पळताही येत नाही आणि भांडताही येत नाही. मान खाली घालून ‘हो’ म्हणावे लागते. हेच वर्षानुवर्षे घडत राहिले, तर आवळलेले स्नायू सैल कसे व्हायचे हेच विसरून जातात.

रडू आवरण्याचेही तसेच. डोळ्यांत येऊ घातलेले पाणी परतवायचे असेल तर माणूस नेमके काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. तो श्वास रोखतो, दातांवर दात दाबतो, घसा आवळतो, पोट आत ओढतो. म्हणजे रडू आवरणे हे मनाचे काम वाटले, तरी प्रत्यक्षात ते स्नायूंकडून करून घ्यावे लागते. ‘‘मुलगा असून रडतोस?’’ असे चार वर्षांच्या पोराला दटावले जाते, तेव्हा त्याला याच कसरतीचा पहिला धडा मिळतो. मुलींना रडण्याची थोडी मुभा असते. त्यांनी रागवायचे मात्र नसते.

आपल्या देशात मनाचे दुखणे शरीराच्या वाटेने बाहेर येण्यामागे आणखी एक कारण आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतील डॉ. आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे येणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की उदासपणाची लक्षणे सांगताना रुग्णांना लोकलाजेची भीती वाटे. अंगदुखी, डोकेदुखी यांबाबत ती कमी असे. ते खरेच आहे. ‘माझे डोके दुखते’ म्हणणाऱ्या सुनेला कोणी निदान बामची बाटली आणून देते. ‘मला जगावेसे वाटत नाही’ म्हणणारीला काय मिळेल, याची खात्री कोण देणार?

स्नायूंचे चिलखत

शरीराच्या वाटेने मनापर्यंत जाण्याचा प्रयत्न पहिल्यांदा पद्धतशीरपणे केला तो विल्हेल्म राईश या डॉक्टरने. त्याचा जन्म १८९७ चा. तरुणपणी तो व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉईडच्या शिष्यवर्गात होता. फ्रॉईडच्या पद्धतीत रुग्ण कोचावर पडून बोले आणि डॉक्टर त्याच्या मागे बसून ऐकत असे. राईश रुग्णाकडे बघू लागला. वडिलांच्या मृत्यूविषयी बोलताना एखाद्याचा आवाज शांत असायचा, पण छाती हलत नसायची. दुसरा कोणी अपमानाची गोष्ट चेहऱ्यावरचे हसू न मोडता सांगायचा. रुग्ण काय सांगतो यापेक्षा तो कसा सांगतो, हे राईशला महत्त्वाचे वाटू लागले. १९३३ मध्ये ‘कॅरेक्टर अ‍ॅनालिसिस’ हा त्याचा ग्रंथ आला. नको असलेल्या भावना अडवण्यासाठी माणूस अंगावर स्नायूंचे चिलखतच चढवतो, ही कल्पना त्याने पुढे मांडली. डोळे, तोंड, मान, छाती, श्वासपटल, पोट आणि ओटीपोट अशा सात पट्ट्यांत हे चिलखत असते, असे तो म्हणे. मग तो रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावी, आवळलेल्या जागा हातांनी दाबी, आणि कित्येकदा रुग्ण ढसढसा रडू लागे.

राईशचे निरीक्षण पक्के होते. निष्कर्ष मात्र भरकटत गेले. १९३४ मध्ये मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून त्याला बाहेर पडावे लागले. १९३९ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि विश्वात ‘ऑर्गोन’ नावाची शक्ती भरलेली आहे, ती आपण लाकूड आणि पत्र्याच्या पेटीत साठवू शकतो, असे सांगू लागला. त्या पेटीत बसून रोग बरे होतात, हा दावा तिथल्या औषध प्रशासनाने खोडून काढला. १९५४ मध्ये न्यायालयाने पेट्यांवर बंदी घातली. ती मोडल्याबद्दल राईशला कैद झाली आणि १९५७ मध्ये तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. त्याची पुस्तकेही सरकारी हुकमाने जाळण्यात आली. हे मात्र अतीच झाले. चुकीच्या पेटीबरोबर चांगल्या निरीक्षणाची पानेही त्या आगीत गेली.

राईशचा शिष्य अलेक्झांडर लोवेन याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ‘बायोएनर्जेटिक्स’ या उपचारपद्धतीची संस्था जॉन पिएराकोस यांच्यासह काढली. तो रुग्णांना गुडघे किंचित वाकवून, पाय जमिनीवर घट्ट रोवून उभे करी. कमरेतून धनुष्यासारखे मागे झुकवी. थोड्या वेळाने पाय थरथरू लागत. गादीवर मुठी आपटणे, लाथा झाडणे, मोठ्याने ‘नाही’ म्हणणे हेही त्याच्या व्यायामांत होते. जन्मभर कोणाला ‘नाही’ म्हणू न शकलेल्या माणसाला गादीवर पडून तो शब्द उच्चारणेही किती जड जात असेल, याची आपल्याला कल्पना करता येईल.

कोरेगाव पार्कपर्यंत

या विचारांचा प्रवास थेट पुण्यापर्यंत झाला. कॅलिफोर्नियात १९६२ मध्ये स्थापन झालेली एसालेन ही संस्था अशा प्रयोगांचे माहेरघर बनली. तिच्या दोन संस्थापकांपैकी मायकेल मर्फी हे आधी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून आलेले होते. १९७४ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला रजनीशांचा आश्रम सुरू झाला आणि पाश्चात्त्य थेरपिस्ट तिकडे येऊ लागले. रजनीशांच्या ‘डायनॅमिक’ ध्यानातही पहिली दहा मिनिटे वेगाने श्वास आणि पुढची दहा मिनिटे रडणे, ओरडणे, हसणे, अंग झोकून देणे, असा क्रम होता. तिथल्या काही गटांत प्रकरण मारामारीपर्यंत गेले, माणसांची हाडे मोडली. जानेवारी १९७९ मध्ये गटांतील हिंसा थांबवत असल्याचे आश्रमाने जाहीर केले.

इथेच या साऱ्या विषयातला कळीचा प्रश्न येतो. राग बाहेर फेकला की तो संपतो का?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६०० विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवले. मग काहींना, ज्याने चिडवले त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितले आणि काहींना दोन मिनिटे नुसते बसवले. चेहरा आठवून ठोसे मारणारे सर्वांत जास्त संतापलेले निघाले. सर्वांत शांत वागले ते नुसते बसलेले! रागाची उजळणी केली की राग पक्का होतो, हा त्याचा अर्थ. घरातही कपबशा फोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी कमी कपबशा फोडतो, असा कोणाचा अनुभव नाही.

रडण्याचे थोडे वेगळे आहे. कोणी जवळ बसलेले असताना, न दटावता रडू दिले तर बरे वाटते. एकट्याने किंवा चारचौघांत ओशाळून रडले तर तितके वाटत नाही. घरात मृत्यू झाला आणि मुलगी दगडासारखी बसून राहिली, तर म्हाताऱ्या बायका तिला जवळ घेऊन म्हणत, ‘‘रड गं बाई, मोकळी हो.’’ त्यात ‘जवळ घेणे’ हा औषधाचा मोठा भाग होता. जात्यावर बसून बायका सासर-माहेरचे सल ओव्यांत गात, तेव्हाही अंगाची लय, घुमणारा आवाज आणि समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई, असे तिन्ही एकत्र येई. अर्थात पहाटे उठून दळण्याचे कष्ट कोणालाही परत नको आहेत.

पुरावा काय सांगतो?

‘शरीर आठवण ठेवते’ हे वाक्य अलीकडे फार ऐकू येते. बेसेल व्हॅन डर कोक या मनोविकारतज्ज्ञांचे २०१४ चे पुस्तक जगभर खपल्यापासून तर अधिकच. पण त्याचा अर्थ मांडीच्या स्नायूत बालपणीचा प्रसंग दडून बसला आहे आणि कोणी जोरात दाबला की तो बाहेर पडेल, असा नाही. आठवण मेंदूतच असते. धोका टळून गेला तरी तोच मेंदू शरीराला पुन्हा पुन्हा ‘सावध’ असा हुकूम देत राहतो. उपचाराने बदलायचा असतो तो हा हुकूम.

म्हणूनच नवे उपचारक आरडाओरडा करायला लावत नाहीत. अमेरिकेच्या पीटर लेविन यांच्या पद्धतीत माणसाला शरीरातील जाणिवांकडे थोडे थोडे लक्ष द्यायला शिकवतात. आत्ता छातीत काय होते आहे? पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का? असह्य होण्याआधीच थांबायचे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दीडशे लोकांवर ही पद्धत वापरून पाहिली गेली. बहुतेकांनी बरे वाटल्याचे सांगितले. मात्र तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता, तेव्हा काळ आणि शेजारधर्म यांनी किती बरे केले हे कळायला मार्ग नाही. व्हॅन डर कोक यांचाच योगावरचा २०१४ चा अभ्यास अधिक काटेकोर होता. आघात सोसलेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे सौम्य योगासने शिकवली, बाकीच्यांना आरोग्यशिक्षण दिले. योगाच्या गटात सुमारे निम्म्या आणि दुसऱ्या गटात साधारण पाचव्या हिश्श्याइतक्या स्त्रिया आघाताच्या आजारातून बाहेर आल्या. अभ्यास छोटा आहे, पण दिलासा देणारा आहे.

कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये ‘कोलकाता संवेद’ ही संस्था सुरू केली. देहविक्रयाच्या जाळ्यातून सोडवलेल्या मुलींसोबत ती नृत्य आणि हालचालींच्या माध्यमातून काम करते. ज्या शरीरावर इतरांनी हक्क सांगितला, ते पुन्हा स्वतःचे वाटणे ही गोष्ट नुसत्या बोलण्याने होणारी नाही. हात कुठवर पसरायचा, कोणाच्या किती जवळ उभे राहायचे, हे स्वतः ठरवण्यापासून तिची सुरुवात होऊ शकते.

दाराआड काय चालते?

‘हीलर’, ‘बॉडीवर्कर’, ‘एनर्जी थेरपिस्ट’ अशा पाट्या आता शहरोशहरी दिसतात. चार दिवसांचे शिबिर करूनही अशी पाटी लावता येते. तेव्हा चौकशी करण्यात संकोच नको. मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर नोंदणी विचारावी. कुठे, कसा आणि कशासाठी स्पर्श करणार हे आधी सांगितले गेले पाहिजे, आणि ‘नको’ म्हटल्यावर हात त्याच क्षणी थांबला पाहिजे. ‘हा तुझा ब्लॉक आहे, म्हणून तू विरोध करतेस,’ असे कोणी म्हणाले तर पर्स उचलून सरळ बाहेर पडावे. चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडेही दुसऱ्यांदा जाऊ नये.

छातीत दुखणे, हातात कळ जाणे, एकाएकी धाप लागणे ही लक्षणे मनाची समजून घरी बसू नये, आधी डॉक्टर. विशेषतः बायकांच्या हृदयविकाराकडे ‘टेन्शन आहे’ म्हणून दुर्लक्ष होते.

घरच्या घरी करता येईल असा बिनखर्चाचा उपाय शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवला आहे. उताणे पडावे. एक मूठ पाच-सात सेकंद आवळावी, मग एकदम सोडून द्यावी आणि सैल झाल्याची जाणीव अर्धा मिनिट नुसती अनुभवावी. मग दुसरी मूठ, दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. जिथे दुखापत आहे ती जागा वगळावी. शेवटी दहा मिनिटे शवासन. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. त्या डॉक्टरांनी कमी केल्या, रुग्णांनी परस्पर नव्हे.

सैल पडल्यावर काहींना एकाएकी रडू येते. येऊ द्यावे, घरच्यांनी ‘काय झालं, काय झालं’ म्हणून धावत येऊ नये, पाण्याचा तांब्या ठेवून जवळ बसावे. काहींना मात्र डोळे मिटून पडले की उलट घाबरायला होते. त्यांनी उठून बसावे, डोळे उघडे ठेवावेत, तळपाय फरशीवर टेकवावेत आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत. असे वारंवार झाले, झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर व्यायाम बाजूला ठेवून १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.