पेण-रोह्याच्या रुळांवरचं चाक

पेणहून रोह्याकडे निघालेली पॅसेंजर कासू, नागोठणे असे थांबे घेत जाते. प्रत्येक थांब्यावर वेग शून्यावर येतो आणि तो नव्याने कमवावा लागतो. ५०० टनांची गाडी ताशी ७२ किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या पुढे जाण्यातच सुमारे २८ युनिट ऊर्जा असते. चाकांच्या फिरण्यातली वेगळी.

भरीव चकती घरंगळते तेव्हा तिच्या गतिज ऊर्जेचा एक तृतीयांश हिस्सा फिरण्यात असतो. अख्ख्या गाडीत चाकांचं वजन थोडं, म्हणून तिथे हा हिस्सा लहान. पण मोटरचा रोटर चाकापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो. त्यामुळे हिशेबात गाडी तिच्या वजनाहून जराशी जड धरावी लागते.

मला खरं नवल वाटतं ते चाक रुळाला टेकतं त्या नखाएवढ्या जागेचं. गाडी धडधडत जात असते आणि टेकलेला बिंदू त्या क्षणी जागच्या जागी असतो. रुळाच्या माथ्याखाली उतरलेली चाकाची कड तर त्या वेळी चक्क मागे जाते! चाक घसरत नाही, म्हणून घर्षण त्याला पकड देतं, पण ऊर्जा फारशी खात नाही. ब्रेक लागताना ओल्या रुळावर चाक अडकून घसरलं, की घर्षणाची उष्णता होते, चाक एका जागी सपाट होतं आणि पुढे दर फेरीला ठोके देतं. म्हणून इंजिनात चाकापुढे वाळू सोडायची सोय असते.

रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. जवळच्या कोलाडहून १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक रेल्वेवर चढून गोव्यातल्या वेर्ण्याला जाऊ लागले. ट्रक धावतो, त्याची चाकं मात्र फिरत नाहीत! रस्त्यावर रबरी टायर दर फेरीला दबतो, सावरतो आणि तापतो. त्या तापण्यात डिझेल जातं. पोलादी चाक जवळजवळ दबतच नाही.

जुन्या ब्रेकमध्ये ठोकळा चाकावर घासून सगळी कमाई उष्णतेत घालवायचा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. आताच्या थ्री-फेज इंजिनात ब्रेक लावताना चाकच मोटर फिरवतं, मोटर जनित्र होते आणि वीज २५,००० व्होल्टच्या तारेत परत जाते. ती दुसरी गाडी वापरते. सगळी परत येत नाही, वाटेत हवा आणि गिअर आपला वाटा घेतात. तरी लहान स्टेशनावर गाडी थांबवणं म्हणजे ऊर्जेची उधळण, हा युक्तिवाद आता पूर्वीइतका टिकत नाही. थांबा मागणाऱ्या गावांनी हे गणित अर्जाला जरूर जोडावं.