ताप, साखर आणि गिळणं

यॉर्कशायर, इंग्लंड

आमच्या शेजारचे काका पक्षाघाताने इथल्या रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा साताऱ्याहून त्यांच्या भावंडांचे फोन माझ्याकडे येत होते, कारण काकू बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच. 'डॉक्टर कोण आहेत? मोठे आहेत ना?' मग एमआरआय झाला का, मशिनं नवी आहेत का, अशा चौकशा. काकांजवळ रात्रंदिवस असलेल्या नर्सबद्दल एकानेही विचारलं नाही. विलायतेत माणूस बरा होतो तो मोठ्या डॉक्टरमुळे आणि महागड्या यंत्रामुळे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. माझीही इथे येईपर्यंत तीच होती.

डॉक्टर चांगले होतेच. पण काकांना झटका झोपेत आला होता आणि तो नेमका केव्हा आला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे पहिल्या साडेचार तासांत द्यायचं, गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्यांना देता आलं नाही. चमत्काराचा भाग तिथेच संपला. त्यानंतर काका जगले, बोलू लागले, घरी आले, त्यातलं बहुतेक सगळं नर्स आणि तिच्या बरोबरच्या माणसांनी केलं.

दुसऱ्या दिवशी काकू घरून मऊभात आणि मेतकूट घेऊन गेल्या. पलंगाच्या डोक्याशी पाटी होती, 'तोंडावाटे काहीही देऊ नये'. काकूंनी ती वाचली नाही. डबा उघडला तशी नर्स धावत आली. ही बाई मूळची फिलिपिन्सची, काकूंच्या निम्म्या वयाची. काकू संतापल्या. 'कालपासून माणूस उपाशी आहे, आणि तुम्ही मला दोन घास भरवू देत नाही?' नर्सने खुर्ची ओढली, काकूंशेजारी बसली आणि सगळं समजावून सांगितलं. पक्षाघातात जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गिळण्यावर परिणाम होतो. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. पुष्कळदा ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे कळतच नाही. दोन-तीन दिवसांनी ताप चढतो आणि न्यूमोनिया झालेला असतो. म्हणून रुग्ण आल्यापासून चार तासांच्या आत त्याचं गिळणं तपासायचं, असा इथला दंडक आहे, आणि ते काम प्रशिक्षित नर्स करते. ताठ बसवून एक चमचा पाणी द्यायचं, गळ्यावर बोटं ठेवून घोट उतरतो का ते पाहायचं, मग 'आ' म्हणायला सांगायचं. दुसऱ्या चमच्याला काकांचा आवाज ओला, घरघरता झाला होता. चाचणी तिथेच थांबली आणि नाकातून नळी घातली गेली. पुढे स्पीच थेरपिस्ट आली. तिने आधी घट्ट केलेलं पाणी, मग दह्यासारखं मऊ अन्न, असं पायरीपायरीने चढवत नेलं.

आपल्याकडच्या किती वॉर्डांत मी नातेवाइकांना चमच्याने शहाळ्याचं पाणी पाजताना पाहिलंय! 'दोन चमचे तरी घ्या, अंगात ताकद येईल.' त्या चमच्यात केवढी माया असते. पण त्यांना थांबवायला कुणी येत नाही. भरवणं, कूस बदलणं, भांडं देणं ही सगळी कामं नातेवाइकांचीच, असं गृहीत धरून आपले वॉर्ड चालतात. पन्नास पलंगांवर रात्री दोन सिस्टर असतील तर दुसरं होणार काय?

काकांच्या निमित्ताने मी थोडं वाचलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत झालेला एक अभ्यास २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तो वाचून मी अस्वस्थ झाले. निम्म्याहून थोड्या अधिक युनिटांतल्या नर्सना तीनच गोष्टी काटेकोर सांभाळायला शिकवलं : ताप, साखर आणि गिळणं. पहिले तीन दिवस ठरावीक तासांनी ताप बघायचा आणि थोडा चढला तरी लगेच औषध द्यायचं. रक्तातली साखर मोजायची, वाढली तर आटोक्यात आणायची. गिळणं तपासल्याशिवाय तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. नव्वद दिवसांनी पाहिलं, तर जिथे हे शिकवलं नव्हतं तिथले ५८ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते आणि जिथे शिकवलं होतं तिथले ४२ टक्के. शंभरांत सोळा माणसांचा फरक! त्यासाठी लागलं काय, तर थर्मामीटर, ग्लुकोमीटर, चमचाभर पाणी आणि 'हे तुझं काम आहे, यात तुला कुणाला विचारावं लागणार नाही' असं सांगितलेली नर्स. यातली कुठलीही वस्तू आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळते. मिळत नाही ते शेवटचं वाक्य.

चौथ्या रात्री मी काकांजवळ बसले होते. नर्स आली, मनगट हातात घेतलं. मला वाटलं नाडी मोजते आहे, पण तिची नजर काकांच्या छातीवर होती आणि ती पूर्ण मिनिटभर श्वास मोजत होती. श्वास २२, ऑक्सिजन ९४, नाडी १०४, ताप ३८.३ सेल्सिअस. रक्तदाब ठीक, काका शुद्धीवर. यातला एकेक आकडा बघून कुणी घाबरणार नाही. पण इथे प्रत्येक आकड्याला गुण आहेत : त्या श्वासाला दोन, बाकी तिघांना एकेक, बेरीज पाच. ही पद्धत इथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आखली आणि २०१७ साली सुधारली. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने येऊन पाहायचं आणि पुढे निदान तासातासाला मोजणी करायची. सात झाली तर अतिदक्षतेतल्या माणसांना बोलावायचं. नर्सने फोन उचलला, 'बेरीज पाच आहे' म्हणाली. आर्जव नाही, माफी नाही. पहाटे तीनला तरुण डॉक्टर येऊन उभा राहिला. छातीत संसर्गाची सुरुवात होती. पहाटेच अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

त्या रात्री मला माझी आत्या आठवत राहिली. आमच्या गावाकडच्या एका खासगी रुग्णालयात ती शस्त्रक्रियेनंतर होती. रात्रपाळीची सिस्टर, विशीतली मुलगी, दोनदा येऊन तिच्याकडे बघून गेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, 'ताई, यांचा श्वास मला बरोबर वाटत नाही.' मी म्हटलं, सरांना फोन करा. तिने मान खाली घातली. 'सर चिडतात. मागच्या वेळी सगळ्यांसमोर बोलले.' शेवटी मी फोन केला, तेव्हा सकाळच्या राउंडला बघू असं उत्तर मिळालं. सकाळी आत्याला आयसीयूत हलवलं आणि तिथून ती परत आली नाही. नंतर केस पेपर पाहिला. रात्रीच्या प्रत्येक नोंदीत श्वास १८ लिहिला होता. सर्वांच्याच कागदावर १८ लिहायची तिथे पद्धत होती. त्या मुलीने डोळ्यांनी जे पाहिलं, ते लिहायला तिच्याकडे जागाच नव्हती, कारण लिहून त्याचं पुढे काही होणार नव्हतं. मला त्या मुलीचा राग कधीच आला नाही. तिला गप्प बसायला शिकवणाऱ्या व्यवस्थेचा आजही येतो.

म्हणून 'आपल्या नर्सना जमत नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. इथल्या कुठल्याही वॉर्डात जा, केरळच्या सिस्टर भेटतात. काकांच्या वॉर्डातली एक पूर्वी पुण्यात नोकरीला होती आणि काकूंशी मोडकं मराठी बोलायची. ती म्हणाली, 'पुण्यात मी डॉक्टर सांगतील ते लिहून घेत होते. इथे राउंडला डॉक्टर मला विचारतात, तुझं काय मत?' बाई तीच, शिक्षणही भारतातलंच. इथे जादा प्रशिक्षण घेतलेली नर्स स्वतःच्या सहीने औषध लिहून देते. जवळजवळ सगळी औषधं लिहिण्याची मुभा तिला २००६ सालापासून आहे. आपल्याकडे तीच बाई पॅरासिटामॉलसाठी सरांच्या फोनची वाट पाहते.

इंग्लंडचं गुणगान करायला मी बसलेली नाही. पलंग मिळेपर्यंत काका कित्येक तास तातडीच्या विभागाबाहेर बोळात ट्रॉलीवर पडून होते आणि त्यांची गिळण्याची चाचणी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत झाली. अपुरी माणसं आणि तुटपुंजा पगार यांना कंटाळून इथल्या नर्सच्या संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या १०६ वर्षांच्या इतिहासातला पहिला देशव्यापी संप केला. माणसं कमी पडली की काय होतं याचा हिशेब युरोपातल्या नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतल्या सव्वाचार लाखांच्या आसपास शस्त्रक्रियांवरून मांडला गेला आहे. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. एका नर्सवर एकेक रुग्ण वाढत गेला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढत जाते. तो अभ्यास इंग्लंडमध्येही झाला होता. आकडा हाताशी असूनही इथलं सरकार नर्सच्या जागा रिकाम्या ठेवतं, याचा मला संताप येतो.

आणि पद्धत असूनही माणसं ऐकत नाहीत, असंही इथे घडतं. मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला इजा झाली आणि २०२१ साली सेप्सिसने गेली. आई पुन्हा पुन्हा सांगत होती की हिची प्रकृती बिघडते आहे. वेळेवर अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि २०२४ पासून इंग्लंडमधल्या १४३ रुग्णालयांत 'मार्थाज रूल' लागू होऊ लागला. त्याप्रमाणे वॉर्डातलं कुणी ऐकत नसेल, तर रुग्णाचे नातेवाईक थेट दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावू शकतात, रात्री-अपरात्रीसुद्धा. हे वाचताना मला आपल्याकडच्या वॉर्डाबाहेर हात जोडून उभे असलेले बाप दिसत होते.

काकांभोवती जी माणसं होती त्यांचं एक सांगते. प्रत्येक जण आला की आधी स्वतःचं नाव सांगायचा. चादर बदलणारी बाईसुद्धा. ही पद्धत रूढ केली ती याच यॉर्कशायरमधल्या केट ग्रेंजर या तरुण डॉक्टरने. तिला स्वतःला कर्करोग झाला. २०१३ साली रुग्ण म्हणून पलंगावर असताना तिला जाणवलं की हात लावणारे बरेच जण आपलं नावच सांगत नाहीत. तिने मोहीम सुरू केली. २०१६ साली ती गेली, पण 'हॅलो, माय नेम इज' असं लिहिलेले बिल्ले राहिले आहेत. रोज सकाळी वॉर्डातल्या फळ्यापाशी डॉक्टर, नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, घरी पाठवण्याची व्यवस्था बघणारी बाई, सगळी उभ्याउभ्या जमत. काका घरी जिने चढतात का, काकूंना त्यांना उठवणं झेपेल का, ही चर्चा औषधांइतकीच गंभीरपणे होत असे. घरी सोडल्यावर तीच मंडळी काही आठवडे घरी येत राहिली.

आपल्याकडे हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी दोन ठिकाणं दाखवते. एक मुंबईचं केईएम. तिथेच परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांना तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर शय्याव्रण होऊ दिला नाही. शय्याव्रण टाळणं ही शुश्रूषेची सर्वांत कठीण परीक्षा आहे. दुसरं ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' या संस्थेत खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. श्वास मोजायचा, वजन घ्यायचं, सेप्सिस ओळखायचा आणि घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो निबंधही 'लॅन्सेट'मध्येच आला, १९९९ साली, म्हणजे इंग्लंडने बेरजेची पद्धत आखण्याच्या तेरा वर्षं आधी. त्या बायकांना इंजेक्शन देऊ द्यावं का, यावर तेव्हा डॉक्टरांचाच आक्षेप होता. कौशल्य आपल्याकडे आहे, पुरावाही आपल्याकडचाच आहे, मग जिल्ह्याच्या ठिकाणी पदवी घेतलेल्या सिस्टरला फोन उचलायची भीती का वाटावी?

माझा मावसभाऊ सांगलीकडे तीस पलंगांचं रुग्णालय चालवतो. त्याला मी गुणांचा तक्ता पाठवला. तो म्हणाला, 'अगं, नर्स सहा महिन्यांत सोडून जातात. शिकवायचं कुणाला?' मी म्हटलं, निर्णयात वाटा दे, त्यांचं ऐक, पगार वाढव, मग बघ किती जातात. आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याने फोन ठेवला. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला. निरोपात दोनच ओळी होत्या. रात्रपाळीच्या सिस्टरने बेरीज पाच झाली की थेट त्याला फोन करायचा, असं त्याने भिंतीवर लावलं आहे. आणि गिळण्याच्या चाचणीचा कागद मराठीत हवा आहे. तो मी करते आहे. पहिली ओळ 'रुग्णाला ताठ बसवा' अशी आहे. आणखी कुणा रुग्णालयाला तो कागद हवा असेल, तर संपादकांकडे कळवा. मी पाठवीन.