आभासी यंत्र आणि जुन्या डिस्कची भूमिती
आभासी यंत्राची डिस्क ही वस्तुतः एक फाइल होय. तीत हेड नाही की सिलिंडर नाही. तथापि जुनी बूट-आज्ञावली प्रत्येक स्थान सिलिंडर, हेड व सेक्टर या तीन अंकांनीच मागते. या अंकांचा अर्थ बायॉसने सांगितलेल्या भूमितीवर अवलंबून असतो. सिलिंडर १, हेड ० व सेक्टर १ हे स्थान १६ हेड व ६३ सेक्टर मानल्यास शून्यापासून मोजलेल्या १००८ व्या खंडावर येते. २५५ हेड मानल्यास तेच १६०६५ व्या खंडावर जाते. परिणामी माहिती अक्षत असूनही यंत्र सुरू होत नाही. अशा वेळी डिस्क बिघडली असे समजून ती पुसू नये. विभागणीच्या वेळी गृहीत धरलेली भूमिती विभाजन-कोष्टकावरून शोधावी व तीच यंत्रास द्यावी. क्यूईएमयू हे साधन असे अनुमान आपण होऊन करते. ते चुकल्यास तिन्ही आकडे स्पष्टपणे नमूद करावे लागतात.