पाच सह्यांचं बेअरिंग

मोठ्या कंपनीत मुलगा नोकरीला लागला की 'चिकटला एकदाचा' असं आपल्याकडे म्हणतात. त्यात सुटकेचा निःश्वास असतो, तसा थोडा चिमटाही असतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका मोठ्या, जुन्या कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात मी एकतीस वर्षं काढली. हे चिकटणं म्हणजे काय, ते आतून पाहिलेलं सांगतो.

आधी संथपणाबद्दल, कारण बाहेरच्यांची मुख्य तक्रार तीच. समजा, एका मशिनचं बेअरिंग गेलं आणि स्टोअरमध्ये शिल्लक नाही. लहान वर्कशॉपचा मालक पोऱ्याला पैसे देऊन दुकानात पिटाळतो आणि दुपारी मशिन सुरू. आमच्याकडे आधी मागणीपत्र, म्हणजे इंडेंट. त्यावर विभागप्रमुखाची सही. मग परचेसवाले तीन ठिकाणांहून कोटेशन मागवणार, त्यांचा तक्ता करणार, वरच्या साहेबांची सही घेऊन ऑर्डर काढणार. माल आला की गेटवर नोंद, मग तपासणी, मग स्टोअर आणि शेवटी बिल अकाउंट्सकडे. प्रत्येक ठिकाणी पुन्हा सही. नवा इंजिनियर हे पाहून कपाळाला हात लावतो.

पण मागणारा एक, विकत घेणारा दुसरा, तपासणारा तिसरा आणि पैसे देणारा चौथा, ही विभागणी मुद्दाम केलेली असते. चारही कामं एकाच्या हाती गेली की काय होतं, हे जुन्या कंपन्यांनी कधी ना कधी भोगलेलं असतं. बहुतेक सह्यांमागे एखादी लबाडी असते. लबाडी करणारा केव्हाच गेला, सही मागे राहिली.

आणि तरीही बंद पडलेलं मशिन बऱ्याचदा त्याच संध्याकाळी सुरू व्हायचं. आमच्याकडे एक जुने फोरमन होते. शेजारच्या शॉपमध्ये मोडीत काढायला ठेवलेल्या मशिनमध्ये त्याच मापाचं बेअरिंग आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. ते काढून बसवायचं, कागद मागाहून आपल्या गतीने यायचे. नव्या माणसाची पहिली दोन वर्षं 'कोणत्या गोष्टीसाठी कुणाला विचारायचं' हे शिकण्यातच जातात. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

अशी माणसं तीस-तीस वर्षं टिकायची कशी? लोक म्हणतात निष्ठा. निष्ठा होतीच, पण हिशेबही होता. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली आला, भविष्यनिर्वाह निधी १९२० साली. तो निधी देशभर कायद्याने यायला १९५२ उजाडलं. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कँटीनची तरतूद आणली. पण खरा डिंक म्हणाल तर १९७२ च्या कायद्यातली ग्रॅच्युइटी. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. आणि तो काढायचा शेवटच्या पगारावर. समजा, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपयांवर तुम्ही तीस वर्षांनी निवृत्त झालात, तर वर्षाला १५,००० प्रमाणे साडेचार लाख होतात. सहाव्या वर्षी, ६,५०० पगार असताना सोडली असती, तर हाती आले असते साडेबावीस हजार. चाळिशीच्या माणसाला चांगली संधी आली तरी तो का हलत नाही, याचं निम्मं उत्तर या गणितात आहे. उरलेलं उत्तर मुलांची शाळा आणि घराचा हप्ता.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, स्पर्धा वाढली आणि पुढच्या काही वर्षांत ठिकठिकाणी स्वेच्छानिवृत्ती योजना आल्या. आमच्याकडेही आली. फोरमननी ती घेतली; रक्कम बरी होती आणि मुलीचं लग्न तोंडावर होतं. कंपनीच्या कागदावर एक पगार कमी झाला. त्यांच्या डोक्यातला साठा कुठल्याच रजिस्टरला नव्हता, त्यामुळे तो गेल्याची नोंद झाली नाही. पुढे तसंच एक बेअरिंग गेलं तेव्हा मशिन नऊ दिवस उभं होतं. सह्या मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या.

त्यांच्या जागी ठेकेदाराची मुलं आली. हुशार, आयटीआय झालेली. काम तेच, मशिन तेच, गणवेशाचा रंग वेगळा. दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलायचा, नवा ठेकेदार त्याच मुलांना नव्याने कामावर घ्यायचा आणि ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं कधी भरायची नाहीत. त्यातला एक मला म्हणाला, "साहेब, मी कुठलं मशिन कसं रुसतं ते लक्षात ठेवायचं कुणासाठी?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज मोठ्या कंपनीच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो, की नेमणूकपत्र वाचा. वर नाव कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, ते पाहा. पीएफसाठी २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायमचा क्रमांक मिळू लागला आहे. ठेकेदार बदलला तरी जुनं खातं त्याच क्रमांकाला जोडून घेता येतं. तो क्रमांक आणि प्रत्येक महिन्याची पगारपावती घरी जपून ठेवा.