द्विदल पिकाचा बेवड आणि मक्याचे नत्र

सातपुड्याच्या दक्षिणेस वसलेला बोरगाव, सौंसर व पांढुर्णा हा भाग संत्री व कपाशी यांसाठी सर्वांस परिचित आहे. ज्या छिंदवाडा जिल्ह्यातून तो २०२३ साली वेगळा झाला, त्याची ख्याती मात्र मक्याची. मका हे नत्राचे मोठे खादाड पीक. संकरित मक्यास हेक्टरी १२० किलो नत्राची सर्वसाधारण शिफारस आहे. परंतु आधीचे पीक द्विदल असल्यास हे सर्व नत्र गोणीतूनच द्यावे काय?

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात व हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. हेलरिगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात ही गोष्ट सिद्ध केली. आपला शेतकरी तोच अनुभव 'बेवड' या एका शब्दात सांगत आला आहे.

तथापि सर्वच बेवड सारखे नव्हेत. सोयाबीनच्या दर क्विंटल दाण्याबरोबर सुमारे ६ किलो नत्र शेताबाहेर जाते. कुटारही उचलून नेले, तर शिल्लक फारशी उरत नाही. तरीही सोयाबीननंतरचा मका मक्यानंतरच्या मक्याहून सरस येतो, याचे कारण निराळे आहे. मक्याच्या धसकटांत कर्ब पुष्कळ व नत्र अल्प असल्याने ती कुजविताना जिवाणू जमिनीतीलच नत्र ओढून घेतात. सोयाबीनच्या पालापाचोळ्यात ही ओढ कमी. तुरीचा पाला शेतातच गळतो, हा तिचा विशेष गुण होय. उन्हाळी मुगाच्या शेंगा तोडून हिरवे पीक गाडल्यास लाभ अधिक होतो.

पीक फुलोऱ्यात असताना गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी-लाल असल्यास ती कार्यक्षम समजावी. पांढरी वा हिरवट असल्यास बेवडावर विसंबू नये.

हरभऱ्यानंतर खरिपात मका घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात तयार झालेले नायट्रेट पहिल्या जोरदार पावसात खोल झिरपून जाऊ शकते. मक्याची खरी भूक गुडघाभर वाढीपासून तुरा येईपर्यंत असते. म्हणून युरिया पेरणीवेळी थोडा व उरलेला ओलीवर दोन हप्त्यांत द्यावा.

चांगल्या बेवडावर नत्रात पाव हिस्सा कपात, म्हणजे एकरी सुमारे २६ किलो युरियाची बचत, करून पाहण्यास हरकत नाही. मात्र प्रथम वर्षी एका पट्टीस पूर्ण मात्रा द्यावी आणि दोन्हींकडील कणसे वेगवेगळी तोलावीत.