घरात दमा, आजीला भीती आणि पोराला हवाय कुत्रा : प्राणी निवडायचा कसा?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अं' काढलेत, बाकी जसंच्या तसं. ऐकायला वेळ नसेल तर वाचा.)

[००:००] फ्रीजवरची चिठ्ठी

मेहरूणमधून, माझ्या त्याच खोलीतून बोलतोय. मागे कूलरचा आवाज येईल, सांभाळून घ्या. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसच्या पुढे जातो, कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणं आपल्याच्याने होत नाही.

आजचा विषय घरातून आलाय. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. त्याने फ्रीजवर चिठ्ठी लावली : 'मला कुत्रा पाहिजे. मी रोज फिरवीन. शी पण उचलीन.' खाली सही, तारीख, सगळं. ताईने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथून दोन महिने घरात नुसती चर्चा.

अडचण काय, तर ताईचा फ्लॅट दोन बेडरूमचा. दाजींना लहानपणापासून दमा, इनहेलर कायम खिशात. आणि ताईच्या सासूबाई, म्हणजे भाच्याच्या आजी, कुत्रा दिसला की रस्ता बदलतात. पोराचा हट्ट, बापाचा श्वास आणि आजीची भीती, तिन्ही खरं. मग करायचं काय?

मी इंजिनिअर माणूस, मला वाटलं एक्सेल शीट करू, मार्क देऊ, विषय संपला. तसं झालं नाही. पण जे शिकलो ते सांगतो.

[०२:४०] 'अ‍ॅलर्जी न होणारा कुत्रा' नावाची गोष्ट

ग्रुपवर पहिला फॉरवर्ड आला : पूडल घ्या, शिह त्झू घ्या, त्यांचे केस गळत नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जी होत नाही. बराक ओबामांचं उदाहरणही आलं. ते खरं आहे. त्यांच्या मोठ्या मुलीला अ‍ॅलर्जी होती, म्हणून २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा 'बो' आला.

पण गोम अशी, की अ‍ॅलर्जी केसांची नसतेच. ती असते प्राण्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची. केस हे फक्त त्या प्रोटीनचं वाहन. आपलं शरीर त्या प्रोटीनला शत्रू समजतं आणि शिंका, डोळ्यांची खाज, छातीत घरघर सुरू होते. २०११ साली अमेरिकेत संशोधकांनी 'हायपोअलर्जेनिक' म्हणवणारे कुत्रे असलेल्या आणि साधे कुत्रे असलेल्या घरांतली धूळ तपासली. अ‍ॅलर्जीच्या प्रोटीनमध्ये लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही ते कमीजास्त असू शकतं. म्हणजे जात बघून हजारो रुपये मोजायचे आणि घरघर तशीच, हे होऊ शकतं.

मांजराचं प्रकरण आणखी चिवट. त्याचं मुख्य प्रोटीन, फेल डी १, इतक्या बारीक कणांवर बसतं की ते हवेत तासन् तास तरंगतं, कपड्यांवर बसून दुसऱ्या घरी जातं. मांजर घरातून गेल्यावरही ते काही महिने गाद्यांमध्ये, सोफ्यात राहतं. म्हणून 'आणून बघू, नाही जमलं तर परत देऊ' हा प्रयोग फसवा आहे. प्राणी गेला तरी त्रास राहतो, आणि पोराचं मन मोडतं ते वेगळंच.

आमच्या कामात नवीन कोड थेट प्रॉडक्शनवर टाकत नाहीत. आधी टेस्टिंग, आणि बिघडलं तर मागे जायची सोय. जिवंत प्राण्याला ती मागे जायची सोय नसते. मेहरूण तलावाच्या बाजूला सकाळी फिरायला जा, गळ्यात पट्टा असलेलं पण मालक नसलेलं एखादं कुत्रं दिसतं. त्याच्या बाबतीत कोणीतरी 'आणून बघू' म्हणालेलं असतं.

[०६:१५] मग तपासायचं कसं?

दाजींनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे स्किन प्रिक टेस्ट करून घेतली. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब टाकतात, त्यावर बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. जिथे गांधी उठते, त्या गोष्टीला तुमचं शरीर प्रतिसाद देतं. लक्षात ठेवा, टेस्टच्या आधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल चुकतो. किती दिवस, ते डॉक्टर सांगतात. दम्याची औषधं मात्र आपल्या मनाने बंद करायची नाहीत.

दाजींचा निकाल : मांजराला मोठी गांधी, कुत्र्याला लहान. आणि सगळ्यात मोठी कशाला? घरातल्या धुळीतल्या किड्यांना, डस्ट माइट्सना! हे किडे दमट हवेत फोफावतात. आपल्याकडे हवा कोरडी, पण चार महिने बंद खोलीत कूलर चालवला की आपणच ती दमट करतो. वर कापसाच्या जुन्या गाद्या. म्हणजे प्राणी आणण्याच्या नादात दाजींच्या जुन्या त्रासाचं एक मोठं कारण सापडलं. खिडकी उघडी ठेवून कूलर लावणं आणि दर आठवड्याला चादरी गरम पाण्यात धुणं, हे त्याच दिवसापासून सुरू झालं.

गांधी उठली म्हणजे त्रास होणारच असंही नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून, इनहेलर जवळ ठेवून, दाजी कुत्रा असलेल्या मित्राच्या घरी तीन रविवार जाऊन बसले. पहिल्या दोन वेळा काही नाही. तिसऱ्यांदा रात्री घरी आल्यावर छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : दमा पूर्ण आटोक्यात नाही, तोवर केसाळ प्राणी घरात राहायला नको. अंगणात भेटलात, नंतर हात धुतले, कपडे बदलले, तर हरकत नाही.

भाचा त्या रात्री जेवला नाही. ताईने समजावलं तर म्हणतो, "पप्पांनी अजून एक गोळी घेतली तर?" मंडळी, हे ऐकायला गोड वाटतं, पण दाजींचा चेहरा मी पाहिलाय. आपल्या आजारामुळे पोराची इच्छा राहिली, हे बापाला फार लागतं.

[०९:३०] बाकीचे पर्याय, पटापट

ससा : केसाळच, त्याचीही अ‍ॅलर्जी होते. शिवाय सशाला तिशीच्या वरची उष्णता सोसत नाही. आपल्या उन्हाळ्यात लाइट गेली की जिवावर बेततं.

पोपट : आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजोबांच्या घरी होता, हे कारण चालत नाही. अंगावर चांदण्या असलेलं आपलं तारा कासवही तसंच. लव्हबर्ड म्हणून जे बजरीगर मिळतात ते परदेशी, ते ठेवता येतात. पण पक्ष्यांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ दम्याच्या घरात नकोच.

छोटं हिरवं कासव, कानामागे लाल पट्टी : दुकानात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं दिसतं. ते ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. कंटाळून लोक ते तलावात सोडतात आणि तिथल्या मूळच्या कासवांच्या पोटावर पाय येतो. कृपा करून मेहरूण तलावात सोडू नका.

मासे : अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने सगळ्यात सोपे. आम्ही तेच केलं आणि तोंडावर पडलो! टाकी आणली, त्याच दिवशी आठ गप्पी सोडले, आठवड्यात पाच मेले. दोन चुका. एक, नळाचं पाणी थेट ओतलं, त्यात क्लोरीन असतं. दोन, टाकी 'पिकू' दिली नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मोजकेच मासे, थोडंच खाणं आणि थोडं थोडं पाणी बदलणं. दुसऱ्यांदा नीट केलं, ती टाकी आजही छान चालू आहे.

पण भाचा महिनाभराने म्हणाला, "मामा, माशाला हात लावता येत नाही. आपण आलो तरी त्याला काही वाटत नाही." त्याला प्राणी नको होता, त्याला वाट बघणारं कोणीतरी हवं होतं.

[१३:०५] आजीची भीती

आता आजी. आम्ही सगळे त्यांना हसायचो, मीसुद्धा. मग एक दिवस त्यांनी सांगितलं. सात-आठ वर्षांच्या असताना गावी पिसाळलेलं कुत्रं चावलं. तालुक्याला नेऊन बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक. रोज धाकटा काका हात धरून ठेवायचा.

ही चौदा इंजेक्शनांची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात ऐकू येते. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. २००४ च्या अखेरीस भारतात ती बंद झाली. आता दंडात टोचतात, चार-पाच वेळा, ठरलेल्या तारखांना, आणि सरकारी दवाखान्यात मोफत. पण काळजी तीच : कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणजे आजींची भीती अडाणीपणाची नव्हती, अनुभवाची होती.

भीती जाते का? १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या छोट्या मुलाची गोष्ट लिहिली. तो सशाला घाबरायचा. त्या त्याला आवडीचा खाऊ द्यायच्या आणि ससा पिंजऱ्यात, लांब ठेवायच्या. दर वेळी थोडा जवळ. शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या : अंतर हळूहळू कमी करायचं, आणि घाबरणारा माणूस 'बस' म्हणाला की थांबायचं. 'काही करत नाही हो तो' म्हणत कुत्रा अंगावर सोडणं हे याच्या बरोबर उलटं आहे. त्याने भीती वाढते.

[१६:५०] शेवटी काय केलं

आमच्या मेहरूणच्या घराला अंगण आहे, कोपऱ्यात बोरीचं झाड. मागच्या हिवाळ्यात गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं त्या झाडाखाली आली. त्यातलं एक आम्ही ठेवलं, पण ताईकडे नाही, आमच्याकडे. दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू दिलं, मग लसी सुरू केल्या. रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि नंतर दर वर्षी. गावठी कुत्रं, आपल्या उन्हाला सरावलेलं. भाच्याने नाव ठेवलं बोऱ्या. दाजी म्हणाले, "आता कोणाचा बोऱ्या वाजतो बघू." वाजला माझाच, सकाळी सहाला मला उठावं लागतं.

भाचा रोज संध्याकाळी सायकलवर येतो. फिरवतो, पाणी भरतो आणि हो, शी पण उचलतो. ताईकडे गेल्यावर आधी आंघोळ, कपडे बादलीत, मग पप्पांच्या मांडीवर. दाजींचा त्रास वाढलेला नाही.

आणि आजी? पहिल्यांदा आल्या तेव्हा फाटकाबाहेरच थांबल्या. आम्ही बोऱ्याला मागच्या बाजूला बांधलं, कोणी आग्रह केला नाही. आता त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, बोऱ्या दहा-बारा फुटांवर बांधलेला. परवा भाकरीचा तुकडा लांबून टाकला. हात अजून लावत नाहीत, लावावाच असंही नाही.

तर मंडळी, मी सुरुवात चुकीच्या टोकाने केली होती. कोणता प्राणी सगळ्यात चांगला, ते शोधत होतो. आधी विचारायला हवं होतं की घरात सगळ्यात जास्त त्रास कोणाला होऊ शकतो. त्या माणसाला 'नाही' म्हणायचा पूर्ण हक्क द्यायचा, आणि मग उरलेल्या जागेत पोराची इच्छा बसवायची. जागा थोडी असते, पण असते. कधी ती स्वतःच्या घरात नसून मामाच्या अंगणात असते.

तुमच्या घरी असा तिढा पडला असेल तर कसा सोडवला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात भेटू. आता थांबतो, बोऱ्या दार खाजवतोय.