माळवदावरून वाचलेली लाट

निर्ण्यात आमच्या घरी फोनला धड रेंज मिळते ती माळवदावरच. त्यामुळे श्रीलंकेच्या सहलीचं सगळं ठरवणं रात्री जेवणं आटोपल्यावर, माळवदावर घोंगडी टाकून झालं. मी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी लेक आणि हैदराबादला नोकरी करणारा भाचा. भाचा दोन वर्षांपूर्वी मंगळुरूजवळच्या मुलकीला जाऊन सर्फिंग शिकून आला होता. तिथला आश्रम सर्फ क्लब २००४ पासून चालतो, आणि आपल्या देशात या खेळाची रीतसर शिकवणी सुरू झाली ती बरीचशी त्या किनाऱ्यावरून. तो परत आला तेव्हापासून लेकीच्या डोक्यात लाट शिरली होती. तिला समुद्र हवा होता, तोही बेटाचा.

आमचं निर्णा हे गाव बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्पा तालुक्यात. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर पश्चिमेचा समुद्र चारशे किलोमीटरच्या पुढेमागे आणि पूर्वेचाही साधारण तेवढाच. दोन्ही पाण्यांपासून सारखंच लांब असलेलं हे गाव. इथे पाण्याचा हिशेब विहिरीचा, बोअरचा आणि पावसाचा. लाटेचा हिशेब कुणी कधी केलेला नाही.

पहिली चूक माझ्या हातून होता होता राहिली. जुलैतलं कोलंबोचं तिकीट स्वस्त दिसलं. पेरण्या झालेल्या असतात, मुगाला फूल लागत असतं, काढणीला अजून अवकाश असतो. मला तो काळ सोयीचा वाटला. वेलिगामा हे गावही लेकीनं निवडून ठेवलं होतं. पैसे भरायला बोट टेकवणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, "थांबा मामा. जुलैत वारं कुठून असतंय, ते आधी बघा."

मग त्यानं फोनवर श्रीलंकेचा नकाशा मोठा केला. थेंबाच्या आकाराचं ते बेट. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचं वारं त्याच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर समोरून आदळतं. समुद्रावरून जमिनीकडे जोरात वारं असलं की लाटेची पाठ मोडते, पाणी घुसळून निघतं, शिकणाऱ्याला त्यात उभंही राहता येत नाही. त्याच महिन्यांत बेटाच्या पूर्वेला, अरुगम बे या गावात, तेच वारं जमिनीवरून समुद्राकडे जातं आणि लाटेचं तोंड साफ धरून ठेवतं. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर सर्फर पूर्वेला जातात. नोव्हेंबरपासून वारं ईशान्येचं होतं, पूर्वेला पाऊस लागतो, आणि मग एप्रिलपर्यंत दक्षिणेचे वेलिगामा, मिदिगामा, पश्चिमेचं हिक्कडुवा हे किनारे चांगले होतात.

मी बराच वेळ काही बोललो नाही. मिरगाच्या आधी आम्ही ज्या वाऱ्याची वाट बघतो, ज्याच्यावर मुगाची आणि तुरीची पेरणी ठरते, तेच हे वारं. आमच्या शिवारात पाऊस आणणारं वारं तिकडे एका किनाऱ्याची लाट मोडतं आणि दुसऱ्याची घडवतं. आतापर्यंत मी सहल म्हणजे शेतीतून काढलेली सवड समजत होतो. त्या रात्री कळलं की शेतीचं पंचांग आणि लाटेचं पंचांग एकाच वाऱ्यानं लिहिलेलं आहे, आणि मला त्यातलं अर्धं तर लहानपणापासून वाचता येतं.

त्यानंतर तारीख ठरवायला वेळ लागला नाही. डिसेंबर-जानेवारीत तूर काढणीला येते, आणि आमच्या भागात तुरीला सोडून कुणी कुठे जात नाही. शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात साजरी करायची, आंबील आणि भज्जी खायची, तुरीची रास करायची, माल विकायचा आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं. त्या वेळी दक्षिण किनारा पूर्ण भरात असतो. वेलिगामा कायम राहिलं, महिना बदलला.

नाव मला आवडलं होतंच. सिंहलीत 'वेली' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे गाव. वाळूचं गाव. दोन्ही शब्द आपल्या वाळूचे आणि गावाचे भाऊबंद निघाले, आणि नावातच निवडीचं कारणही मिळालं. लाट फुटते ती तळामुळे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाटेचा पाय अडखळतो आणि डोकं पुढे कोसळतं. मीटरभर लाट छातीएवढ्या पाण्यात फुटते. तळाशी प्रवाळाचा खडक असेल तर लाट रोज एकाच जागी, नेटकी फुटते, पण पडणाऱ्याचं अंग सोलून निघतं. वेलिगामाच्या अर्धगोल खाडीत तळाला वाळू आहे आणि उतार सावकाश. शिकणाऱ्यानं तिथेच शिकावं. मिदिगामा तिथून जवळच आहे, पण तिथे खडकावरच्या लाटा आहेत. भाचा तिकडे जाईल. आम्ही दोघं किनाऱ्यावरून बघू.

दुसऱ्या की तिसऱ्या रात्री भाच्यानं लाटेचा अंदाज कसा वाचायचा ते शिकवलं. तीन गोष्टी बघायच्या: उंची, दिशा आणि दोन लाटांमधले सेकंद. मी उंचीकडेच बघत होतो. तो म्हणाला, सेकंद बघा. सहा-सात सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्यानं उठवलेली असते, तिच्यात दम नसतो. चौदा-सोळा सेकंदांची लाट लांबून आलेली असते. किती लांबून? श्रीलंकेच्या दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत मोठी जमीन नाही. चाळीस-पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात तिथे वर्षभर वादळं घोंगावतात. त्यांनी ढवळलेलं पाणी उत्तरेला निघतं आणि जाता जाता सुटं होत, ओळीत येत जातं. सोळा सेकंदांच्या लाटांचा घोळका खोल समुद्रात ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरनं चालतो. सहा हजार किलोमीटर कापायला पाच-सहा दिवस. दोन शिखरांमधलं अंतर चारशे मीटर, म्हणजे आमच्या घरापासून शाळेपर्यंत जाऊन आणखी पुढे.

लेकीनं विहिरीत खडा टाकून हे बघितलं. खडा पडतो तिथे पाणी वेडंवाकडं उसळतं, आणि काठाला येईपर्यंत वर्तुळं शांत, रुंद झालेली असतात. तिनं लगेच पुढचं विचारलं, "मग आपण तिकीट काढतो तेव्हा आपली लाट जन्मलेलीच नसते?" खरंच नसते. महिनाभर आधी फक्त ऋतू निवडता येतो, लाट निवडता येत नाही. म्हणून चार दिवसांची सहल या कामाला पुरत नाही. आम्ही दहा दिवस धरले, म्हणजे मधे तीन-चार दिवस समुद्र सपाट राहिला तरी हाती काही उरतं. एकाच दिवसातही वेळ निवडावी लागते. सकाळी मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, पाणी काचेसारखं असतं. दुपारी खारे वारे सुटले की लाट विस्कटते. शाळेत भूगोलात पाठ केलेले हे दोन शब्द इतक्या वर्षांनी उपयोगी आले.

आई हे सगळं खालून, ओसरीवरून ऐकत होती. एक दिवस तिनं भाच्याला धरलं. "बाळा, त्या पाण्यात पोरीला कामून न्यायलाव?" ती भित्री बाई नाही. पण १९९३ ची ३० सप्टेंबरची पहाट तिच्या अंगात अजून आहे. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि किल्लारीच्या भूकंपानं आमच्याही भिंती हलल्या. तिला मी खोटं सांगू शकत नव्हतो. कोलंबोहून ज्या किनारी रेल्वेनं आम्ही वेलिगामाला जाणार, त्याच मार्गावर हिक्कडुव्याजवळ पेरालिया इथे २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीनं अख्खी गाडी उलथवली आणि हजाराहून जास्त माणसं त्यात गेली. मी तिला हे सांगितलं. मग काय ठरवलं तेही सांगितलं: राहायची जागा खाडीला खेटून नको, आत, चढावर. पोचल्या दिवशी वर पळायचा रस्ता पायी चालून बघायचा. जमीन बराच वेळ हलली किंवा पाणी अचानक मागे हटलं, तर काहीही न उचलता वर निघायचं. आईनं ऐकलं आणि विचारलं, "रात्री बी ठावं राहील का रस्ता?" तिचा प्रश्न बरोबर होता. यादीत बॅटरी आली, आणि रस्ता अंधारातही एकदा चालायचा असं ठरलं.

तयारीचा मोठा भाग विहिरीतच झाला. लेक पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधून पोहायला शिकलेली, आमच्या पिढीनं भोपळा बांधला होता. पण विहिरीतलं पोहणं वेगळं. चार हात मारले की कठडा हाताशी येतो. समुद्रात कठडा नाही. म्हणून ती भिंतीला न शिवता गोल गोल, अर्धा अर्धा तास पोहायला लागली. सर्फिंगमधे उभं राहणं फार थोडं, पालथं पडून हातांनी वल्हवणंच फार. खांदे भरून येतात. बोर्डवर उठायचा सराव खळ्यावर झाला: शेणानं सारवलेल्या जमिनीवर चुन्यानं नऊ फुटांची आकृती काढली, कारण शिकणाऱ्याला तेवढा लांब, मऊ फोमचा बोर्ड देतात. पालथं पडायचं, छातीशी तळवे टेकायचे, एका दमात पाय खाली घेऊन आडवं उभं राहायचं. नजर पायाकडे गेली की तोल गेला. पडायचंही शिकायचं असतं: उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारायचा नाही, अंग पसरून पडायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण आपलाच बोर्ड परत येऊन लागतो. समुद्राकडे ओढणारी धार लागली तर तिच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून तिच्या बाहेर पडायचं. हे वाक्य मी लेकीकडून रोज म्हणून घेतलं.

मधे एक संध्याकाळ भाच्यानं रमेश बुदिहाळचं सर्फिंग दाखवलं. केरळच्या कोवळमचा हा मुलगा, कुटुंब मूळचं कर्नाटकातलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत त्यानं कांस्यपदक मिळवलं. लेक तो तुकडा पुन्हा पुन्हा बघत राहिली, त्याच्या पदकापेक्षा त्याचे गुडघे किती वाकलेत ते.

कागदपत्रं पटकन झाली. पासपोर्टसाठी कलबुर्गीची एक फेरी. विम्याचे कागद मात्र मी अक्षर न् अक्षर वाचले, आणि वाचावेतच. पुष्कळ प्रवासविम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, ते वेगळे पैसे भरून जोडून घ्यावे लागतात. बोर्ड तिथेच भाड्यानं घ्यायचा. पिशवीत अंग झाकणारे पूर्ण बाह्यांचे सदरे, उन्हाचा लेप आणि आईनं बांधून दिलेल्या कडक भाकरी, शेंगांची चटणी.

निघायला दोन दिवस राहिले तेव्हा तुरीची पोती ओसरीत लागली होती. रात्री आम्ही माळवदावर शेवटचा अंदाज बघितला. दक्षिणेला, पार खाली, एक मोठं वादळ दोन दिवसांपूर्वी उठलं होतं. पंधरा सेकंद, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य. लेकीनं बोटांवर मोजलं, खाली गेली आणि ओसरीच्या दारामागे, जिथे आम्ही पोत्यांचा हिशेब खडूनं लिहितो, तिथे वजनांच्या खाली लिहून ठेवलं: निघाली शनिवारी, पोचेल शुक्रवारी. आपण, गुरुवारी.